रिकामी टोपली तोलणारे

म्हातारा म्हणा, खटारा म्हणा, पण मित्रांनो, मला आळशी म्हणाल तर खबरदार! मी केरळातल्या एका मच्छीमार बंदरावरचा संगणक. समुद्रातली प्रत्येक होडी कुठे आहे ते घडीघडीला टिपायचं, आणि कुणी खडकांकडे सरकली की तिच्यावरचा भोंगा वाजवायचा, हे माझं काम. माझ्यासमोर सरसम्मा बसायची. माझा पडदा ती पदरानं पुसायची, कारण तिचा भाऊ सुगुणन त्याच होड्यांपैकी एकीवर असे.

मग जिजो नावाच्या इंजिनिअरनं नवा प्रोग्राम माझ्या पोटात कोंबला. दुपारपर्यंत माझी मेमरी गच्च भरायची आणि मी ठप्प. एकदा ऐन वादळात ठप्प झालो.

"जिजो, माझा भाऊ कुठाय?" सरसम्मा किंचाळली.

"मी काय करू, चेच्ची?" जिजो तिला चेच्ची, म्हणजे ताई, म्हणायचा. "डबडं आहे हे! माझ्या प्रोग्रामची एकेक नोंद मोजलीय मी, चिमूटभर जागा घेते. भंगारात घाला याला."

चोर तो चोर, वर शिरजोर! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

नशीब, त्याची साहेबीण रहियानत तिथेच होती. तिनं आत डोकावून पाहिलं. "अरे शहाण्या, रिकामी टोपली तोललीस! आतले मासे कुणी तोलायचे?"

जिजोनं नोंदीचा नुसता सांगाडा मोजला होता; आत मात्र प्रत्येक नोंदीत होडीचं नाव, मालकाचं नाव, पत्ता पुन्हा पुन्हा लिहिलेला. शिवाय पुढेमागे लागेल म्हणून प्रत्येकीला राखीव जागेचं एकेक रिकामं कपाट. अशा लाखो नोंदी! रहियानतनं नाव-पत्ता एकदाच लिहिला, नोंदींना नुसता होडीचा क्रमांक दिला आणि कपाटं फेकून दिली. मी लगेच सुरू झालो. सुगुणनची होडी खडकांना भिडतच होती. मी भोंगा वाजवला, होडी वळली. सरसम्मा माझ्यावर डोकं टेकून रडली.

बक्षीस काय मिळालं? ऐसपैस मेमरीचा नवा संगणक आला आणि मी कोपऱ्यात गेलो. आता माझ्यावर चहाचे पेले ठेवतात. रहियानत दुसऱ्या कामावर गेली, आणि जिजोनं त्याचा तोच जुना प्रोग्राम पुन्हा चढवला.

"आता जागाच जागा आहे, चेच्ची! काटकसर कशाला?"

मित्रांनो, जागा आहे म्हणून उधळू नका. मोजायचं तर आतलं सगळं मोजा. आज वारा सुटलाय. नव्याचीही मेमरी भरत आलीय, त्याचा पंखा घरघरू लागलाय, सुगुणन समुद्रात आहे, आणि माझी तर वायरच काढून ठेवलीय.