सगळ्यात खालचं खोकं

त्सुकामोतोंच्या घरात पाहुण्याला सरळ चालत येता येत नसे, आडवं होऊन सरकावं लागे. दारापासून मागच्या खोलीपर्यंतच्या बोळात छताला टेकतील अशी खोकी रचलेली होती आणि प्रत्येक खोक्यात एक न जोडलेली मोटार, प्लास्टिकची, खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची. जपानातल्या शिझुओकात असल्या नवऱ्यांना तोटा नाही. या गाड्यांचे साचे तिथल्याच कारखान्यांत घडतात, आणि शोहेई त्सुकामोतोने तर एकोणचाळीस वर्षं ते साचे हाताने घासून गुळगुळीत केले होते. एवढं करून हा माणूस संध्याकाळी घरी येई तो काखेत नवं खोकं मारूनच. जोडून होई एक, तोवर विकत आणलेली असत चार.

"हा डोंगर कधी संपायचा?" त्याची बायको कियोमी विचारी.

"संपवायचा नसतोच," तो म्हणे. "डोंगर उपसून होईपर्यंत मॉडेलवाल्याला मरायची परवानगी नाही."

हा विनोद त्याच्या क्लबातल्या सगळ्यांचाच होता, आणि कियोमीने तो इतक्यांदा ऐकला होता की हसणं कधीच सोडून दिलं होतं. पण जानेवारीत क्लबातले नेगिशीसान मे महिन्यातल्या प्रदर्शनाचा कागद घेऊन आले, तेव्हा शोहेईने तो डाव्या हाताने परत सरकवला आणि म्हणाला, "माझं नाव काढून टाका. आणि जुनी खोकी उचलणारा तुमच्या ओळखीचा तो माणूस आहे ना, त्याला पाठवा. सगळी नेऊ दे."

नेगिशीसानांनी सोलायला घेतलेलं संत्रं तसंच खाली ठेवलं. शोहेईला अर्धांगाचा झटका येऊन गेला त्याला सात महिने झाले होते. जीभ सुधारली होती, पाय सुधारला होता, फक्त उजवा हात मांडीवर पडून असे, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. तिला तेही चाललं असतं. पण डोंगर विकायचा याचा अर्थ काय होतो, हे त्या खोलीतल्या तिघांनाही चांगलं माहीत होतं. खोकीवाला पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी अकरा वाजता येणार असं ठरलं.

भांडून उपयोग नव्हता. शोहेईशी भांडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि आता तर भिंत उलट बोलतही नव्हती. म्हणून कियोमीने वेगळीच युक्ती काढली. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी व्यायामकेंद्राची गाडी त्याला घेऊन जाई. गाडी वळणाआड गेली की ती बोळात शिरे. पहिल्या मंगळवारी तिने कंबर धरून, देवाचं नाव घेऊन सगळ्यात तळाचं खोकं ओढून काढलं, आतलं सामान काढून घेतलं आणि रिकामं खोकं पुन्हा जागच्या जागी बसवलं.

त्या खोक्यात त्यांची पहिली गाडी होती. दोन दारांची, लिंबाच्या रंगाची, लग्नानंतर हप्त्यांवर घेतलेली. तिचं मॉडेल बाजारात आलं त्याच दिवशी त्याने आणलं होतं, पण जोडलं मात्र कधीच नाही. "हात अजून तेवढा बसला नाही," असं तो म्हणे. वीस वर्षं हात बसायची वाट पाहिली आणि मग हातच बसला. कियोमीला त्या हाताचा, त्या वीस वर्षांचा आणि नवऱ्याच्या टापटिपीचा मनापासून राग आला.

सुटे भाग तिने नेलकटरने कापले. रंगाचा डबा फवारण्याआधी गरम पाण्यात धरायचा, हे तिने त्याला करताना पाहिलं होतं, तेवढं जमलं. दारावर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला. एक चाक किंचित फेंगडं बसलं. पण शेवटच्या शुक्रवारी काचा बसवायच्या राहिल्या तेव्हा घड्याळात सव्वातीन झाले होते आणि शोहेईचा पांढरा गोंद वाळायला रात्र घेतो. स्वयंपाकघरातल्या खणात चटकन चिकटणारा गोंद होता. कपाचा कान त्या गोंदानेच तर जोडला होता! तिने तो काचांच्या कडेने सढळ हाताने लावला, गाडीचा तळ खालून दाबून बसवला, आणि गाडी तांदळाच्या डब्यामागे लपवली. साडेतीनला ती दारात उभी राहून नवऱ्याला म्हणत होती, "आज लवकर आलात?"

शनिवारी सकाळी तिने डब्यामागे हात घालून गाडी बाहेर काढली. सगळ्या काचा पांढऱ्याफटक झाल्या होत्या. आतली खुर्ची दिसेना, स्टिअरिंग दिसेना. तिने बाहेरून बोटाने पुसलं, मग टॉवेलने पुसलं, पण तो पांढरेपणा आतून होता.

"कियोमी!" बोळातून हाक आली. "इकडे ये जरा."

दहा वाजले होते. शोहेई खोकीवाल्यासाठी रांग मोकळी करत होता आणि डाव्या हातात तळाचं खोकं होतं.

"हे हलकं लागतंय."

आता लपवून काय होणार होतं? तिने पाठीमागचा हात पुढे केला. त्याने गाडी घेतली, खिडकीपाशी नेली, उलटी केली, सुलटी केली. दारावरचा ठसा पाहिला. फेंगडं चाक पाहिलं. वीस वर्षं जपलेल्या वस्तूचं तिने वाटोळं केलं होतं. कियोमीला रडू यायला लागलं.

"काचांना काय लावलंस?"

"चटकन चिकटणारा."

"काचांना?" त्याचा आवाज चढला. "काचांना तो गोंद? आणि वर तळ बंद केलास?"

"हो."

"अगं, वाफ येते त्याला! ती वाफ काचेवर बसते. क्लबात काल आलेलं पोरसुद्धा ही चूक करत नाही. अडतीस वर्षं तू या घरात राहिलीस की शेजाऱ्यांकडे?"

"तुमच्या घरात राहायला जागा कुठे होती? सगळी खोक्यांनी भरलेली!" डोळे पुसत कियोमी म्हणाली. सात महिन्यांत तो तिच्यावर पहिल्यांदाच ओरडला होता आणि तिला ते फार बरं वाटत होतं.

"उभी काय राहिलीस? तळ काढ. उचकटू नकोस, मागून वाकव. आता जेवायची काडी आण, टोकाला सगळ्यात बारीक पॉलिश पेपर गुंडाळ. ओला कर आधी! शेवटी टूथपेस्ट लावू."

तो गाड्या जोडायच्या आपल्या टेबलाशी बसला. सात महिन्यांत पहिल्यांदा बसला, आणि आपण बसलो हे त्याच्या लक्षातही आलं नाही. तिने काडी आत घालून घासायला सुरुवात केली, तर गाडी टेबलावर सरकायला लागली.

"स्थिर धर की!"

"मला दोनच हात आहेत," कियोमी म्हणाली. "एका हातात काडी, दुसऱ्या हातात दिवा. तुम्ही धरा."

"डाव्या हाताने मी चष्मा धरलाय."

"मग उजवा ठेवा वर. पकडू नका, नुसता ठेवा."

त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि गाडीच्या टपावर ठेवला. हात जड होता. गाडी हलायची थांबली.

ती घासत राहिली. थोड्या वेळाने ड्रायव्हरच्या समोर बटणाएवढा गोल स्वच्छ झाला, आणि त्यातून पिवळं स्टिअरिंग दिसायला लागलं. दोघंही वाकून बघत राहिली. त्या गाडीचा हीटर कधीच चालला नव्हता. थंडीत काच धुरकट होई आणि शेजारी बसलेली कियोमी रुमालाने त्याच्यापुरता एवढाच गोल पुसून देई.

"तेव्हाही अर्धवटच पुसायचीस," शोहेई म्हणाला.

"तेव्हा गाडी चालवणारा वेळेवर गप्प बसायचा."

तो हसला. तोंडाची उजवी बाजू जरा मागे राहिली, पण हसला.

घंटी वाजली. अकरा वाजले होते. कियोमीचा हात थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं, त्याने बोळाकडे पाहिलं, मग टपावरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. सात महिने ज्या हाताने घासही उचलला नव्हता, तो आता पांढऱ्या पाण्याने माखला होता आणि गाडी दाबून बसला होता.

"सांग त्याला," शोहेई म्हणाला, "माझा हात गुंतलाय."

कियोमी आडवी होऊन बोळातून सरकत दारापर्यंत गेली. बाहेर एक तरुण माणूस रिकाम्या गाडीपाशी टोपी काढून उभा होता. तिने कमरेत वाकून माफी मागितली, आणि पुन्हा मागितली.

"मग केव्हा येऊ?" त्याने विचारलं.

तिने मागे वळून छतापर्यंत पोचलेल्या खोक्यांकडे पाहिलं.

"तीस वर्षांनी या," ती म्हणाली. "तोवर आम्हाला परवानगी नाही."

"कियोमी!" आतून ओरडा आला. "पेपर सुकतोय!"

"आले, आले," म्हणत तिने दार लावलं.