नवऱ्याचं काळीज पडद्यावर

नवऱ्याचं काळीज परक्या बाईच्या टेबलावर धडधडत होतं.

म्हणजे कॉम्प्युटरमध्ये. एमआरआयच्या चित्रांवरून तिने हुबेहूब त्याचंच घडवलेलं. कुठे डाग दिला की त्याचे ठोके चुकायचे थांबतील, ते डॉक्टर आधी या नकलेवर करून बघणार. मग खऱ्यावर.

बायकोने त्या इंजिनिअर बाईचं मनातल्या मनात नाव ठेवलं होतं: काळीजवाली.

"तुमचा डावा कप्पा काय स्वच्छ दिसतोय हो," काळीजवाली नवऱ्याला म्हणाली.

नवरा लाजला.

लाजला! बोहल्यावर लाजला नव्हता मेला...

नको. हा शब्द आत्ता नको.

वीस वर्षं त्याचं घोरणं हिने ऐकायचं, आणि डावा कप्पा बघायचा तिने.

"एक अडचण आहे, काकू."

काकू! (फरक फार तर आठ वर्षांचा.)

"हे निवांत पडलेले असताना ठोके किती, ते मला लागतं. त्यावरच सगळं मॉडेल चालतं. तेच चुकलं तर डॉक्टर भलतीकडेच डागतील. पण इथे दर वेळी नव्वदच्या वर."

"जाणारच. तुम्ही समोर असता ना."

"अगं, काहीतरीच काय!" नवरा उठू लागला. छातीवरच्या वायरी ताणल्या.

"पडून राहा. चोराच्या मनात चांदणं."

काळीजवाली रागावली नाही. "बघूया की," म्हणाली आणि काचेपलीकडे जाऊन उभी राहिली.

बायको त्याच्या उशाशी बसली. आता उतरतील.

ब्याण्णव.

"शांत पडा की हो!"

सत्त्याण्णव.

"पडलोय गं."

शंभर.

काचेवर टकटक झाली. "काकू, आता तुम्ही या बरं बाहेर."

ती आली. दार लागलं. आत नवऱ्याने डोळे मिटले, लांब श्वास सोडला. पडद्यावर ऐंशी. मग पंचाहत्तर. मग अडुसष्ट.

"उतरले!" काळीजवाली हरखली. "असेच पाच मिनिटं राहिले की झालं."

बायकोचा हात दाराच्या मुठीवर. आत जावं, बसावं उशाशी, चढू देत पुन्हा शंभरावर. माझ्यामुळे चढतात ना? चढू देत.

"माझ्यामुळे वाढतात ते प्रेमाने की धाकाने," तिने विचारलं, "कळतं का तुमच्या मॉडेलला?"

"नाही हो. त्याला नुसता वेग कळतो."

बायकोने मूठ सोडली.

"घ्या तुमची पाच मिनिटं."