उघडा म्हणजे काय करा?

मी फोन बोलतोय. म्हणजे एरवी माझ्यातून दुसरेच बोलतात, आज पहिल्यांदा माझी पाळी आली. डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

कारखान्यातच माझ्या पोटात कुलूप बसवलं. एन्क्रिप्शन म्हणतात त्याला. पासवर्डशिवाय मला बनवणाऱ्यालाही आतलं काही वाचता येत नाही. मला त्याचा केवढा तोरा होता.

मला घेतलं ताईंनी. त्या सल्ला केंद्रात बसतात. घरी मार खाणाऱ्या बायका त्यांना लिहितात, आधी इकडचं तिकडचं, मग एकदम खरं. चार वर्षांत दोनशे जणींचं खरं माझ्या पोटात साठलं. ताईंनी मला दोनदा भांड्यांच्या पाण्यात पाडलं, पण पासवर्ड नवऱ्यालाही सांगितला नाही.

मागच्या सोमवारी त्यातली एक मुलगी सासर सोडून निघून गेली. जाताना तिने लिहिलं, 'ताई, मी सुखरूप आहे. कुठे आहे ते आईलाही सांगू नका, ती भोळी आहे, सासरच्यांना सांगून बसेल.'

मंगळवारी पोलिसातले साहेब आले, सोबत त्या मुलीची आई.

"एकदाच उघडा. तिचं तेवढं बघतो, मग करा बंद."

"एकीसाठी उघडला, की बाकीच्या सगळ्या उघड्यावर पडतात, साहेब."

"आणि तिचं काही बरंवाईट झालं तर?"

ताईंनी मला मुठीत घट्ट धरलं. आई माझ्याकडेच बघत रडत होती. मला ताईंचं पटलं, साहेबांचंही पटलं. असं दोन्हीकडचं कसं काय पटतं हो?

शेवटी मला जप्त केलं. कागदावर लिहिलं, 'फोन उघडावा.' बोलावलेल्या मेकॅनिकने इमानदारीत स्क्रू काढून माझी पाठ उघडली. "घ्या साहेब, उघडला." साहेबांनी कपाळावर हात मारला. आत बॅटरी होती, मुलगी नव्हती. पाठ अजून नीट बसलेली नाही.

तेव्हापासून मी प्लास्टिकच्या पिशवीत, साहेबांच्या टेबलावर चार्जिंगला आहे. आत्ता दुपारी तिचा निरोप आला. 'ताई, सासरच्यांना इथला पत्ता लागलाय. आईला घेऊन लगेच या.'

मी उजळलो, थरथरलो. साहेबांनी पिशवी उचलून पाहिलं. पडद्यावर एवढंच, 'एक नवीन संदेश.' तिची आई समोरच्या बाकावर बसलीय. मला सगळं वाचता येतंय आणि एक शब्द सांगता येत नाही.

कुलूप बरोबर की चूक, ते मला नंतर सावकाश समजावून सांगा. आधी कोणीतरी ताईंना बोलवा.