शेजारच्या खोलीचा हेवा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी चरक आहे. उसाचा नव्हे, चित्रांचा. दोन जाडजूड रूळ, त्यांच्यामधून सरकणारा पाट आणि बाजूला फिरवायचं चाक, एवढाच माझा संसार. शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत मुलं रबरी लादीवर चित्र कोरतात, तिला शाई लावतात, वर कागद ठेवतात आणि मला फिरवतात. मी दाबतो, ठसा उमटतो. म्हणून मी त्यांचा दाबूकाका.

मी साच्यातून निघालो, तेव्हा ओतकाम करणारा कारागीर पाठीवर थाप मारून म्हणाला होता, "हा नातवंडांनाही पुरेल!" शेजारच्या खोलीत संगणक येतील, हे काही तो बोलला नव्हता.

ते आले आणि माझा जीव जळू लागला. त्यांच्यासाठी एसी बसला, पडदे लागले. त्यांच्या दारात मुलं चपला काढतात. त्यांच्या अंगावर धुतलेली कव्हरं, माझ्या अंगावर शाई पुसायच्या चिंध्या. पाहुणे आले की मुख्याध्यापक त्यांना तिकडेच नेतात. माझ्या दारावरून जाताना त्यांची पावलं कशी भराभर पडतात!

आणि एवढं असूनही संगणकांना आमची खोलीही हवी झाली. चित्रकलेचा तास ठेवायचा की बंद करायचा, हे पालकसभेत ठरणार होतं. बंद झाला, तर मी भंगारात.

चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "रडगाणं नको. आईचा नाहीतर बाबांचा चेहरा कोरा. सभा याच खोलीत आहे, तेच भिंतीवर लावू."

आमच्या वर्गात एक खारूताई आहे. पेन्सिली कुरतडते, म्हणून हे नाव. तिने आईचा चेहरा कोरला, गालावरच्या तिळासकट. कागद उचलला आणि भोकाडच पसरलं. "बाई, तीळ दुसऱ्याच गालावर गेला! ही माझी आई नाहीच!"

ठसा नेहमी उलटा उमटतो. घाईत ती विसरली, बाईही विसरल्या. नव्याने कोरायला वेळ कुठला?

तिची आई बसमध्ये कंडक्टर. ती तशीच गणवेशात सभेला आली आणि त्या चित्रापुढे थबकली.

"तीळ चुकलाय गं आई," खारूताई पुटपुटली.

"चुकला कसला? आरशात मला रोज हीच दिसते. मला वाटायचं, ही बाई फक्त मलाच ठाऊक आहे."

तेवढ्यात एक गृहस्थ उठले. "छान आहे हो सगळं! पण ज्याला हौस, त्याने घरी शिकवणी लावावी."

"तुम्ही लावाल, दादा," आई वळून म्हणाली. "माझ्या पोरीला इथे मिळेल तेवढंच. माझ्याकडे इतकं निरखून आजवर कुणी बघितलं नव्हतं. ते ती इथे शिकली. संगणक आणा की, नाही कोण म्हणतंय? पण सरकारी शाळेत दोन्ही हवं. एकाला बसवायला दुसऱ्याला उठवू नका."

मुख्याध्यापकांनी तास ठेवण्याच्या बाजूने हात वर करायला सांगितलं. मग एकेक हात वर झाला. शेवटी त्या गृहस्थांचाही, अर्धाच.

या वर्षापुरता तास वाचला. पुढच्या वर्षी पुन्हा सभा आहे. म्हणून मित्रांनो, तुमच्या शाळेतही एखादा दाबूकाका किंवा गाण्याची, नाचाची खोली असेल, तर घरी सांगा. आईबाबांना सभेला पाठवा. हात वर झाले, तरच आम्ही राहतो.

माझा हेवा गेला म्हणता? छे! पण एक गंमत सांगतो. माझा तास संपला की मुलं संगणकांकडे धावतात आणि दारातच अडवली जातात, "आधी हात धुऊन या!" माझी शाई मोठी चिवट आहे, मित्रांनो. ती निघेपर्यंत मुलं माझीच असतात.