माझ्या पारड्यात आलेलं शेवाळ

मित्रांनो, आधी माझ्या पेटीची काच खाली ओढून घ्या आणि मगच बोला. रागावू नका. तुमच्या नुसत्या श्वासानेही माझी दांडी डोलायला लागते आणि मग मला काही सुचत नाही. मी एक जुना तराजू आहे. तराजू म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर बटाटे आले असतील, तर ते कृपा करून खाली उतरवा. मी प्रयोगशाळेतला आहे. एक कोरा कागद मला तोलायला द्या, मग त्यावर पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहून तो पुन्हा द्या. तुमच्या नावाचं वजन किती भरलं, ते मी सांगेन.

मला घडवणारा कारागीर काम करताना सतत शीळ घालायचा. पितळेची दांडी घासली, दोन पारडी टांगली, मधोमध लांब काटा लावला, तोवर शीळ चालूच होती. पण दांडी जिच्यावर टेकते ती अकीकाच्या दगडाची धार बसवायची वेळ आली, तेव्हा तो एकदम गप्प झाला. धार बसली, काटा मधल्या रेघेवर येऊन थांबला आणि मग कुठे त्याने श्वास सोडला. मला खोक्यात भरणाऱ्याला तो म्हणाला, "जपून रे बाबा. याला ठेच लागली ना, तर हा जन्मभर खोटं बोलेल."

ते वाक्य माझ्या मनात घर करून बसलं. तेव्हापासून मी जरा नाजूक प्रकृतीचा आणि बराचसा चिडका झालो, असं म्हणायला हरकत नाही.

मी एका विज्ञान विभागात आलो. तिथे माझा थाट काय वर्णावा! मला कोणी उघड्या बोटांनी शिवायचं नाही, कारण बोटाचा ठसासुद्धा माझ्या लेखी ओझं असतो. वजनं मखमलीच्या डबीतून चिमट्याने उचलायची. पारड्यात काही ठेवण्याआधी खालची कळ फिरवून मला झोपवायचं, म्हणजे दांडी धारेवरून उचलली जाते. वस्तू ठेवून झाली की मला हलकेच उठवायचं. जो मला न झोपवता वजन ठेवील, त्याने अख्ख्या विभागाला चहा पाजायचा, असा तिथला कायदा होता. माझ्या पोटात एका कोपऱ्यात ओल शोषणाऱ्या क्षाराची वाटी ठेवलेली असे. दमट हवा म्हणजे माझी वैरीण, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं.

किती जण आले आणि माझ्यासमोर बसून पीएचडी करून गेले! मला त्यांचं मोठं नवल वाटायचं. एकेका प्रश्नासाठी माणूस आपली ऐन उमेदीची वर्षं देतो. तोही असा प्रश्न, की शेजाऱ्याला सांगितला तर शेजारी म्हणेल, "बरं, मग?" त्यांच्यातच एक मुलगी होती. काटा स्थिर होईपर्यंत ती खालचा ओठ दातांत धरून बसायची. तिच्याइतका हलका हात मी पुन्हा पाहिला नाही. पुढे तीच या विभागाची प्रमुख, सगळ्यांची मॅडम झाली.

मग तो नवा वजनकाटा आला. दिसायला चपटा डबा. वस्तू ठेवली की डोळ्याची पापणी लवेपर्यंत आकडा हजर! त्याला झोपवणं नाही, उठवणं नाही. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. मला उचलून व्हरांड्यातल्या काचेच्या कपाटात ठेवलं आणि खाली पाटी लावली, 'जुनी उपकरणे'. शेजारी पाणी थंड करायचं यंत्र दिवसभर घरघर करायचं. माझ्या पारड्यांवर धूळ बसली. ज्याला बोटाचा ठसा खपत नव्हता, त्याला ती धूळ अंगावर वागवावी लागली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

व्हरांड्यात एक मात्र कळलं. पीएचडी करणारी मुलं प्रयोगशाळेत जेवढी असतात, त्याहून जास्त व्हरांड्यात असतात. यंत्र बिघडलं, मांडलेला प्रयोग फसला, लिहिलेलं सगळं गाईडने लाल करून परत दिलं, की ती इथे येऊन उभी राहतात. आणि घरचा फोन नेमका तेव्हाच येतो. पलीकडून एकच प्रश्न असतो, "कधी संपणार?" काका विचारतात, मावशी विचारते, दूरच्या आतेभावाची बायकोसुद्धा विचारते. त्या प्रश्नाने मुलांचे चेहरे कसे पडतात, ते मी काचेतून पाहिलं आहे.

अशीच एक होती. तिला सगळे शेवाळताई म्हणत. दगडावर वाढणारं, इवल्या पानांचं एक बारीक शेवाळ तिने अभ्यासाला धरलं होतं. हे शेवाळ उन्हात वाळून काळं पडतं, हाताने चुरलं तर भुगा होतो. सगळ्यांना वाटतं, मेलं. मग दव पडलं की ते पुन्हा हिरवं होतं. शेवाळताईचं म्हणणं असं, की त्याला दवाचा थेंबही लागत नाही. ते नुसत्या दमट हवेतून पाणी ओढून घेतं आणि जागं होतं. हे खरं ठरलं तर तिची पीएचडी. नाही ठरलं तर काहीच नाही.

ती शेवाळाचे कण गाळणकागदाच्या चकतीवर ठेवायची, कारण काचेवर ठेवले तर ते चिकटून बसत आणि उचलताना मोडत. ती चकती दमट हवेच्या पेटीत ठेवायची आणि मग त्या नव्या वजनकाट्यावर तोलायची. वजन वाढलेलं असायचं, चांगलं घसघशीत. कित्येक वेळा तिने ते करून पाहिलं. व्हरांड्यातून जाताना ती गुणगुणत जायची. मुंग्यांवर काम करणारा तिचा मित्र, ज्याला सगळे मुंगीवाला म्हणत, तिला चिडवायचा, "तुझं बरं आहे बाई, तुझं शेवाळ पळून तरी जात नाही."

मग वार्षिक आढाव्याचा दिवस आला. सभागृह माझ्या समोरच होतं आणि दार उघडं होतं. शेवाळताईने छान मांडलं. सगळे माना डोलवत होते. बाहेरून आलेले एक सर शांतपणे म्हणाले, "नुसत्या कागदाचं वजन करून बघितलंय का?"

"हो सर. कोरड्या कागदाचं वजन सुरुवातीलाच वजा केलंय."

"कोरड्या कागदाचं. पण तुमच्या त्या पेटीत तो कोरडा राहतो का?"

पाण्याच्या यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती. सरांनी टोमणा मारला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. तिच्या गाईड म्हणजे मॅडमच; त्या खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांच्याही नजरेतून हे सुटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने नुसता कागद पेटीत ठेवून तोलला. कागदही हवेतलं पाणी प्याला होता, आणि मनसोक्त प्याला होता! ज्याला ती शेवाळाची तहान समजत होती, ती जवळजवळ सगळी कागदाची निघाली. शेवाळाच्या वाट्याला काही उरतं की नाही, हे त्या नव्याला सांगता येईना. दोन चकत्या एकामागून एक तोलायच्या, आणि पहिली तोलून होईपर्यंत दुसरी सुकायची. उरलेला फरक इतका लहान होता, की त्या सुकण्यातच बुडून जायचा.

ती व्हरांड्यात आली आणि माझ्या कपाटाला टेकून जमिनीवर बसली. मुंगीवाल्याने शेजारी चहाचा कप ठेवला आणि निघून गेला. मग तिने घरी फोन लावला. तिची आई कपडे शिवायची. पलीकडे शिलाई मशीनचा आवाज थांबला, तो मलाही ऐकू आला.

"आई, मी घरी येते."

"ये की. किती दिवस आहेस?"

"परत जायचं नाहीये मला. सगळं चुकलं गं."

नेहमी 'कधी संपणार' विचारणारी आई त्या दिवशी वेगळंच बोलली. "बरं, पण ते पितं का नाही?"

"काय?"

"तुझं शेवाळ. एवढी वर्षं सांगतेयस ना, हवेतलं पाणी पितं म्हणून. पितं का नाही, ते कळलं का तुला?"

"नाही कळलं."

"मग इथे येऊन काय करशील? भाजी चिरताना तेच डोक्यात घोळत राहणार तुझ्या. मी ओळखत नाही का तुला? आधी ते बघ. मग खुशाल ये."

तिने फोन ठेवला. मग तिने डोळे पुसले, मान वर केली, आणि समोर मी होतो. माझ्याकडे इतक्या वर्षांत पुष्कळांनी पाहिलं होतं, शेजारी उभं राहून फोटोही काढले होते. पण तिने मला पाहिलं नाही, तिने माझी पारडी पाहिली. एक, आणि दुसरं. ती ताडकन उठली.

मॅडम म्हणाल्या, "तो? अगं, तो आता शोभेपुरता आहे."

"मॅडम, त्याला दोन पारडी आहेत. एकात नुसता कागद ठेवायचा, दुसऱ्यात कागद आणि शेवाळ. दोन्ही एकाच हवेत, एकाच वेळी. कागद कागदाला तोलून धरेल. जे उरेल ते शेवाळाचं."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग कपाटाची किल्ली शोधायला त्या स्वतः उठल्या.

मित्रांनो, त्यांनीच मला प्रयोगशाळेत परत नेऊन साफ केलं. मऊ कुंचल्याने धारेवरची धूळ उडवली. त्यांचे केस पांढरे झाले होते, पण हात अजून तेवढाच हलका होता. त्यांनी कळ फिरवून मला झोपवलं, उठवलं, आणि नकळत खालचा ओठ दातांत धरला. काटा मधल्या रेघेवर येऊन थांबला. मी खोटं बोलायला शिकलो नव्हतो. "ही कळ विसरलीस तर अख्ख्या विभागाला चहा," त्या शेवाळताईला म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

मग माझ्या पोटात वाटी ठेवण्यात आली. मला वाटलं, क्षाराची असेल. ती पाण्याची होती! जन्मभर ज्याला ओलीपासून जपलं, त्याच्या पोटात पाणी! माझ्या तर पायाखालची जमीन सरकली. आता अंगावर डाग पडणार आणि कारागिराची सगळी मेहनत फुकट जाणार. पण मला विचारतो कोण?

आधी दोन्हीकडे नुसते कागद ठेवले. दोघेही पाणी प्याले, दोघेही जड झाले, आणि काटा जागचा हलला नाही. मग उजव्या चकतीवर शेवाळाचे कण आले. डाव्या बाजूला चिमट्याने बारीक वजनं टाकून मला पुन्हा समतोल केलं. काच खाली आली. सकाळचं ऊन जमिनीवर होतं. त्या दोघी दूर बसल्या, कारण त्यांच्या अंगाची ऊबही मला चालत नाही.

काही झालं नाही. बराच वेळ काही झालं नाही.

आणि मग मला ते जाणवलं. मित्रांनो, मी सोनं तोललं आहे, विष तोललं आहे, दुरून आलेल्या दगडांचा चुरा तोलला आहे. ते सगळं पारड्यात ठेवलं तसं पडून राहायचं. माझ्या पारड्यात काही आपण होऊन जड होताना मी कधी अनुभवलं नव्हतं. कोणी थेंब टाकला नव्हता, कोणी हात लावला नव्हता. तो मेल्यासारखा काळा भुगा हवेतून पाणी घेत होता, आणि माझी उजवी बाजू मुंगीच्या पावलांनी खाली जात होती. मी थक्क झालो. स्वतःचं गंजणं बिंजणं मी साफ विसरलो.

"मॅडम," शेवाळताई कुजबुजली, "काटा."

"पाहतेय," मॅडम म्हणाल्या. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. पण त्या पडल्या गाईड. लगेच म्हणाल्या, "आता अदलाबदल कर. शेवाळ डावीकडे घे. तराजूच उजवीकडे झुकत असेल तर?"

माझ्यावर संशय! मला राग आला, पण प्रश्न रास्त होता. शेवाळ डावीकडे आलं, आणि थोड्या वेळाने मी डावीकडे झुकलो. पुढचे कित्येक दिवस त्या दोघींनी मला तसंच उलटसुलट करून छळलं. मी दर वेळी शेवाळाच्याच बाजूने गेलो.

पुढच्या आढाव्याला मलाही सभागृहात नेलं होतं. शेवाळताई उभी राहिली आणि म्हणाली, "मागच्या वेळी मी सांगितलेलं बहुतेक पाणी कागदाचं होतं. शेवाळाचं खूप थोडं आहे. पण जे आहे ते त्याचंच आहे, आणि तेवढ्यावर ते जागं होतं." बाहेरचे सर उठून माझ्याकडे आले आणि काचेला नाक लागेल इतक्या जवळून पाहत राहिले.

तिची पीएचडी झाली तेव्हा आई आली. शेवाळताईने तिला माझ्यासमोर खुर्ची दिली आणि मला उठवलं. बाईने मला पाहताच आपण होऊन तोंडावर हात धरला. सुईत दोरा ओवताना श्वास कसा आवरायचा, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. काटा हळूहळू झुकला.

"एवढंसंच पितं?"

"एवढंसंच."

"पुरतं त्याला?"

शेवाळताईने पारड्यातला एक कण चिमट्याने बाहेर काढला आणि तिच्या हातात भिंग दिलं. मिटलेली काळी पानं उलगडली होती आणि आत हिरवी होती. आई बघत राहिली. शेवाळताई म्हणाली, "चल आई, उशीर होतोय, बाहेर सगळे थांबलेत." भिंगावरून डोळा न काढता आई म्हणाली, "थांब गं. अजून थोडा वेळ बघू दे."

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. तुमच्या घरात कोणी असं एखाद्या प्रश्नामागे लागलेलं असेल, तर कधी संपणार हे विचारण्याआधी काय दिसलं, ते विचारा. माझ्या पितळेवर आता थोडे डाग आले आहेत, ते असू द्या. मला पुसाल तेव्हा मऊ फडक्याने पुसा, आणि आधी कळ फिरवून झोपवा. उजव्या पारड्याला मात्र हात लावू नका. शेवाळताईच्या मागून आलेल्या मुलीने सकाळी तिथे एक कण ठेवला आहे, आणि त्याचं पाणी पिणं अजून चालू आहे.