सासूबाईंची लिंबोणी आणि बागमंडळाचा चहा

सासूबाईंची लिंबोणी मेली.

आता हे वाक्य विसरून जायचं. असं काही घडलेलंच नाही. बागमंडळाच्या सभेत तसं एकमताने ठरलंय, आणि मंडळाचा सभासद असलेल्या चष्मेवाल्याच्या घरात तर तो ठराव प्राणपणाने पाळला जातोय. कारण सासूबाई एरवी त्याच्याकडेच असतात, सध्या थोरल्या लेकीकडे गेल्यात, आणि रोज सकाळी फोन करून पहिलं विचारतात, "बाळ कसं आहे?" घरात बाळ नाही. बाळ म्हणजे लिंबोणी. धाकटी लेक झाली त्या साली त्यांनी बी लावली होती. लेक लग्न होऊन चष्मेवाल्याकडे आली, तिच्या मागोमाग कुंडी आली. "लेक तुम्हाला दिली," त्या जावयाला म्हणाल्या होत्या, "झाड फक्त ठेवायला दिलंय."

तर लिंबोणी ठणठणीत होती. घोर वेगळाच होता. या महिन्याची बागभेट चष्मेवाल्याकडे होती.

बागमंडळाचा वर्षाचा कार्यक्रम हेडबाई आखतात. त्या शाळेतून निवृत्त झाल्या, वेळापत्रकातून नाही. दर महिन्याला एक विषय, एक बाग, एक यजमान. आधी प्रात्यक्षिक, मग यजमानाच्या सगळ्यात देखण्या झाडाभोवती उभं राहून कौतुक, आणि कौतुक चालू असताना चहा. चहा यजमानाच्याच बागेतल्या पानांचा हवा आणि कढत हवा. "कोमट चहा म्हणजे कोमट आपुलकी," असं हेडबाईंचं मत. कप रिकामा झाल्याशिवाय कोणी जागचं हलायचं नाही.

यंदा या कार्यक्रमाला कुणाची तरी दृष्ट लागली. छाटणीच्या भेटीनंतर हेडबाईंचा पांढरा गुलाब काळा पडला. खताच्या भेटीनंतर औषधवाल्याचा पाम आडवा झाला. बी-वाटपानंतर बँकवाल्या काकांची जास्वंद गेली, तीही भर बहरात. मंडळात कुणीतरी झाडांना विष घालतंय, हे शेंबडं पोरही सांगेल. सभासद एकमेकांकडे बघून गोड हसायचे आणि हसता हसता एकमेकांचे खिसे न्याहाळायचे. हेडबाईंनी वार्षिक कार्यक्रमात एक नवा उपक्रम घातला: परस्पर पाळत. त्यानंतर चहा होताच.

चष्मेवाल्याचा संशय औषधवाल्यावर होता.

"विष कुणाच्या दुकानात मिळतं? त्याच्या," तो बायकोला म्हणाला.

"अहो, त्याचा स्वतःचा पाम मेला की!"

"तेच तर! संशय येऊ नये म्हणून घरचंच झाड मारलं. काय डोकं आहे बघ."

"मग हेडबाईंनीही तसंच केलं असेल. काकांनीही."

हिला एवढं सुचतं कसं, हा नवाच संशय चष्मेवाल्याच्या मनात येऊन बसला.

"त्यापेक्षा कुंडी न्हाणीघरात ठेवा," बायको म्हणाली. त्याने प्रयत्न केला. कुंडी जागची हलली नाही, कंबर तेवढी हलली.

"मग भेट रद्द करा."

"आणि गुन्हेगार मोकाट सोडू? तू निर्धास्त राहा. माझ्या नजरेतून काही सुटत नाही."

"तुमच्या नजरेचा नंबर मला माहितेय."

भेटीच्या दिवशी त्याने पेरूच्या पानांचा चहा उकळला. बायकोने चमचाभर चाखला आणि नळाकडे धावली. "हा पाहुण्यांना द्यायचाय की भांड्यांना?"

"औषधवाल्याकडे तर पामच्या पानांचा होता. ओला झाडू चोखल्यासारखा."

"आणि तुम्ही तो प्यायलात?"

"हो तर," तो म्हणाला आणि किटलीचं झाकण पुसायला लागला. झाकण स्वच्छच होतं.

मंडळी आली. लिंबोणीभोवती कोंडाळं झालं, वाफाळते कप वाटून झाले. किटली भरून आणतो असं सांगून चष्मेवाला आत सटकला आणि खिडकीच्या पडद्याआडून आपल्या चष्म्याच्या दुकानातली दुर्बीण रोखून उभा राहिला. कुंडी खिडकीला चिकटूनच होती, त्यामुळे दुर्बिणीत औषधवाल्याचा फक्त कान दिसला. पण तो कानही साधा वाटेना.

त्याने दुर्बीण खाली घेतली, तर औषधवाल्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि आपला अख्खा कप कुंडीत रिता केला.

चष्मेवाल्याने लगेच ताडलं. कप रिकामा केला! म्हणजे आता त्यात विष काढणार! रंगेहाथ पकडायचं तर घाई करून चालणार नव्हतं. तेवढ्यात हेडबाईंनी पदर सावरल्यासारखं केलं आणि त्यांचाही कप कुंडीत गेला. साथीदार! मग काकांनी शिंक आल्याचा बहाणा करून आपला ओतला. टोळी! मग उरलेल्यांनी, कुणी वाकून, कुणी वास घ्यायच्या निमित्ताने. चष्मेवाला विषाची वाट बघत राहिला. विष काही निघेना.

"अहो," मागून बायको म्हणाली, "आईच्या झाडातून वाफा येतायत."

तो किटलीसकट बाहेर धावला. "सापडलात! सगळेच्या सगळे!"

"चहा अप्रतिम झालाय," हेडबाई म्हणाल्या.

"तो तुम्ही कुंडीत ओतलात!"

हेडबाई लाल झाल्या. "एक कप. एका कपाने काय होतंय?"

"मीही एकच ओतला," औषधवाला म्हणाला. "प्रत्येक ठिकाणी एकच ओततो. गुलाबालाही..."

"माझ्या गुलाबाला?" हेडबाई म्हणाल्या.

"तुम्ही माझ्या पामला ओतला नाहीत?"

"सगळ्यांनीच जास्वंदीला ओतला असणार," काका हळूच म्हणाले. "मी विष शोधायला माती तपासून आणली. अहवालात चहा निघाला. मला वाटलं, नमुन्यावर माझाच कप सांडला."

हेडबाई चष्मेवाल्याकडे वळल्या. "तुम्ही कुठे उभे होतात हो, माझ्याकडे आलात तेव्हा?"

"गुलाबाजवळ."

"आणि कप?"

चष्मेवाल्याने किटलीकडे पाहिलं. किटलीने काही मदत केली नाही. "रिकामा होता," तो म्हणाला.

तिथेच तातडीची सभा झाली. चहा बंद करावा, असं औषधवाल्याने सुचवलं. पण मग आजवर तो कुणीच पीत नव्हतं हे कबूल करावं लागेल, असं हेडबाईंनी दाखवून दिलं. तेव्हा मुळात काही घडलंच नाही, हा ठराव एकमताने मंजूर झाला. सगळे निघताना लिंबोणीला नमस्कार करून गेले.

दोन दिवसांत तिची पानं गळाली. तिसऱ्या दिवशी फोन आला. "बाळ झोपलंय," बायकोने सांगितलं.

"उठवू नकोस. रविवारी येतेच आहे मी. थोरल्या जावयाने तिकीट काढलंसुद्धा. फार घाई हो त्याला."

चष्मेवाल्याने खोडावर नखाने ओरखडा काढला. आत बारीकशी हिरवी रेघ दिसली. दिसली असं त्याला वाटलं. बायकोने चष्मा पुसून पुन्हा बघायला सांगितलं, तर त्याने बघितलं नाही. तो मंडळाचा शिक्क्याचा कागद घेऊन बसला आणि साडूला लिहायला घेतलं:

"विषय: सासूबाईंच्या मुक्कामास मुदतवाढ मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, आपल्या ताब्यातील सासूबाईंना स्वीकारण्यास आमच्याकडील बाग सध्या सज्ज नाही. मंडळातर्फे आपणांस दरमहा चहाची पाने विनामूल्य पाठवण्यात येतील. तरी लिंबोणीस नवी पालवी फुटून किमान एक लिंबू धरेपर्यंत सदर सासूबाईंना आपल्याकडेच ठेवून घ्यावे व रविवारचे तिकीट रद्द करून तसे उलट टपाली कळवावे, ही नम्र विनंती."