छापील कागदावर उचललेला भंडारा

मल्हारीआप्पांच्या गळ्यात चौकशीचं काम घातलं, तिथंच घोळ झाला. खुटबावचा हा माणूस. घराण्यानं मेंढरं सोडून शेती धरलेली, स्वतः चौथी शिकलेला, आणि रोज पारावर गावाला पेपर वाचून दाखवणारा. एवढ्यावरनं दौंडच्या पक्ष कचेरीनं ठरवून टाकलं, की आप्पा निःपक्ष. निःपक्ष कसले डोंबलाचे! वीस वर्षं पक्षाचीच टोपी घालून हिंडत होते.

भानगड सरळ होती. जिल्हा परिषदेची पहिलीच निवडणूक, आणि राहूचे चांदभाई शिंपी अपक्ष उभे. मतदानाच्या आदल्या दिवशी पक्षाच्या साप्ताहिकात छापून आलं, की चांदभाईंनी माघार घेऊन पक्षाला पाठिंबा दिला. चांदभाई त्या वेळी राहूत दारोदार हात जोडत फिरत होते. पडले एकतीस मतांनी. त्यांनी पुण्याला पक्षाच्या वरच्या मंडळींकडे अर्ज केला. वरच्यांनी दौंडला कळवलं, की तुमच्या छापण्याची तुम्हीच चौकशी करा. आता काय म्हणावं याला!

साप्ताहिकाचे संपादक तालुक्याचे चिटणीस जयसिंगराव. चौकशीचा अहवाल द्यायचा तोही जयसिंगरावांकडेच. आप्पांनी दौंडला तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब पुण्याला गेलेले, दुसऱ्यांदा झोपलेले. तिसऱ्यांदा सापडले, तर बातमी कुणी दिली ते त्यांना आठवेना. चांदभाईंना विचारलं होतं का? वेळ नव्हता. मग नंतर दुरुस्ती का छापली नाही? जागा नव्हती म्हणे. पुढच्याच अंकात त्यांच्या मेव्हण्याच्या कापडदुकानाची अर्ध्या पानाची जाहिरात होती! आप्पांनी चहा न पिताच एस.टी. धरली.

पण खरी सल दुसरीच होती, आणि ती जयसिंगरावांना सांगून उपयोग नव्हता. ती बातमी खुटबावात वाचली होती आप्पांनीच. ऐकल्या ऐकल्या म्हाताऱ्या वच्छलाबाई म्हणाल्या होत्या, की चांदभाई असा मागं फिरणारा माणूस नव्हे. आप्पांच्या समाजात शब्दाची खात्री द्यायची तर खंडोबाचा भंडारा उचलतात. हळदीची ती चिमूट एकदा हातात घेतली, की पुढं वाद नाही. आप्पांनी पारावरच्या देवळीतला भंडारा उचलला होता. छापलंय म्हणजे कुणीतरी विचारूनच छापलं असणार, एवढाच त्यांचा हिशेब. गावानं त्यांच्या हाताकडं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मत फिरवलं. एकट्या खुटबावातनं चांदभाईंची शंभरावर मतं गेली.

म्हणून आप्पांनी अहवालात काहीच झाकलं नाही. बातमी खोटी होती, न विचारता छापली, चुकली हे कळूनही सुधारली नाही, आणि खुटबावात ती मी भंडारा उचलून खरी केली, असं त्यांनी सगळं स्वतःच्या हातानं लिहिलं. जयसिंगरावांनी कागद वाचला, घडी घालून खणात ठेवला आणि फार सविस्तर लिहिलंत म्हणून शाबासकी दिली. आप्पांना वाटलं, सुटलो बुवा. चांदभाईंनाही त्यांनी निरोप धाडला, की निकाल छापून येईल, ऐकायला या.

पुढचा अंक आला तेव्हा पार भरलेला होता. चांदभाई राहूवरनं सायकल मारत आले होते. आप्पांनी नेहमीसारखा खणखणीत आवाज लावला. चांदभाई शिंपी यांची तक्रार बिनबुडाची ठरली, असं त्यांनी वाचलं. सखोल चौकशीअंती हा निर्वाळा दिला आहे खुटबावचे मल्हारीआप्पा यांनी... आणि आप्पा तिथंच अडले. अरे, माझंच नाव, आणि माझ्याच तोंडानं!

वच्छलाबाई गुडघ्यावर हात देत उठल्या, देवळीतली भंडाऱ्याची वाटी आणून त्यांनी आप्पांच्या पुढ्यात ठेवली.

"वाचा की आप्पा," त्या म्हणाल्या. "पर ह्ये उचलून वाचा."

आप्पांनी पेपर खाली ठेवला. डोक्यावरची टोपी काढून त्याच्यावर ठेवली. मग भंडारा उचलला.

"ह्यो कागद खोटा हाय. म्या असं लिवलंच न्हाई. आन् त्या दिशीचा कागद बी खोटा व्हता. चांदभाई माघारी फिरलं नव्हतं. तवा म्या खोट्यावर भंडारा उचलला, त्ये पाप माजं."

बोलून झाल्यावर त्यांना जरा हलकं वाटलं. त्यांनी चांदभाईंकडं पाहिलं. चांदभाई रागावलेले दिसत नव्हते. सायकलीच्या दांडीवर हात ठेवून ते नुसते उभे होते.

"सायकलवर तासाभराची वाट हाय, आप्पा," ते म्हणाले. "त्या दिशी मी राहूतच व्हतो. एकडाव इचारायला आला असता."

चांदभाईंनी सायकल वळवली आणि ते राहूच्या वाटेला लागले. आप्पा तसेच बसून राहिले, भंडाऱ्याची मूठ मिटून.